आशेवर कर लावावा का?

कोल्हापुरातून बेंगलोरच्या हायवेला लागलं, कागल मागे टाकून दूधगंगा ओलांडली की कोगनोळीला कर्नाटक सुरू होतं. त्यापुढे निपाणी. कोल्हापूर ते निपाणी अंतर साधारण ४० किलोमीटर. दोन्हीकडे बोली तीच, ऊस तोच, पाहुणे-रावळेही एकमेकांचेच. फरक बारीकसारीक आहेत आणि त्यातला एक असा, की कोल्हापुरात लॉटरीचं तिकीट विकणं हा सरकारमान्य धंदा आहे आणि निपाणीत तो गुन्हा आहे. कर्नाटकानं २००७ साली लॉटरी बंद केली. महाराष्ट्राची स्वतःची लॉटरी १९६९ पासून चालू आहे.

म्हणजे नदीच्या अलीकडे जो ‘लोककल्याणासाठी निधी’ असतो, तो पलीकडे जुगार होतो. कागदाचा तुकडा तोच. मग दोन सरकारांपैकी एकाचं नैतिक गणित चुकलंय का? की दोघांचंही?

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. पुण्यातल्या कंपनीचं काम कोल्हापुरात घरी बसून करतो. संभाव्यता हा विषय इंजिनीअरिंगला शिकलो आणि पुढे कामातही वापरला. पण या प्रश्नात गणित अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करतं. आधी तिथपर्यंत जाऊ, मग पुढचं बघू.

उदाहरण केरळचं घेऊ, कारण लॉटरी मनापासून चालवणारं राज्य तेच. १९६७ मध्ये त्यांनी सुरुवात केली, तेव्हा तिकीट १ रुपयाचं होतं आणि पहिलं बक्षीस ५० हजारांचं. २०२२ च्या तिरुवोणम बंपरला तिकीट होतं ५०० रुपयांचं आणि पहिलं बक्षीस २५ कोटींचं. ६६ लाखांहून जास्त तिकिटं विकली गेली. आता ६६ लाख म्हणजे किती? २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती आणि सांगलीची २८ लाख २२ हजार. दोन्ही जिल्ह्यांची बेरीज ६७ लाखांच्या आसपास. शिराळ्यापासून जतपर्यंत आणि चंदगडपासून शिरोळपर्यंत, पाळण्यातल्या बाळापासून काठी टेकत चालणाऱ्या आजीपर्यंत प्रत्येकाच्या हातात एक तिकीट द्या आणि त्यातून एकच नाव काढा. तुमचं नाव निघण्याची शक्यता तेवढी.

निघालंच, तरी २५ कोटी हातात पडत नाहीत. आधी विक्रेत्याचं १० टक्के कमिशन, मग उरलेल्यावर ३० टक्के आयकर. हातात साधारण पावणेसोळा कोटी. आयकराचा नियम इथे भलताच कडक आहे. तुम्ही वीस वर्षं तिकिटं घेतली असतील, तरी त्याचा खर्च बक्षिसातून वजा करता येत नाही.

आता तिकिटाच्या पोटात काय असतं ते बघू. सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर ४० टक्के जीएसटी आहे. तो तिकिटाच्या छापील किमतीतच धरलेला असतो. म्हणून १०० रुपयांच्या तिकिटातले २८ रुपये ५७ पैसे नुसत्या जीएसटीचे. हा कर २८ टक्के होता तेव्हा २१ रुपये ८८ पैसे जायचे. त्यानंतर छपाई, वितरक, टपरीवाल्याचं कमिशन आणि राज्य सरकारचा वाटा. यातून जे राहतं ते बक्षिसांना. म्हणजे शंभराचं तिकीट घेतलं त्या क्षणीच, सोडत व्हायच्या आधी, त्याची सरासरी किंमत शंभरापेक्षा पुष्कळ खाली आलेली असते. ॲडम स्मिथनं १७७६ मध्येच हे दाखवून दिलं होतं, की जितकी जास्त तिकिटं घ्याल तितकं तुमचं नुकसान नक्की होत जाईल, आणि सगळी तिकिटं घेतलीत तर त्यात शंकाच उरणार नाही. आपल्या डोक्यात गणित बरोबर उलटं चालतं. एकाऐवजी दहा तिकिटं घेतली की ‘चान्स’ वाढला असं वाटतं. चान्स वाढतो हे खरंच आहे. तोट्याची खात्री त्याहून जास्त वाढते.

इथपर्यंत गणित. पण लोक मूर्ख आहेत म्हणून तिकीट घेतात, असं म्हणून विषय संपवणं हा इंजिनीअर मंडळींचा आवडता माज आहे आणि तो खोटा आहे.

माझा एक मामा शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला होता. दर आठवड्याला एक तिकीट, वीस रुपयांचं, ठरलेलं. मी त्याला एकदा हे सगळं गणित समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “भाचेबुवा, वीस रुपयांत मी आठवडाभर डोक्यात बंगला बांधतोय. फरशी कुठली बसवायची, तुझ्या मामीला गॅलरी कुठल्या बाजूला पाहिजे, सगळं. तुझ्या त्या नेटफ्लिक्सला म्हैन्याला किती जातंय?”

या उत्तराला गणितात उत्तर नाही. मामा बक्षीस विकत घेतच नव्हता, तो स्वप्न बघायची परवानगी विकत घेत होता. अशक्य आणि जवळजवळ अशक्य यांच्यात आकड्यांच्या दृष्टीनं फारसा फरक नसेल, पण स्वप्नाला तेवढी फट पुरते. तिकीट खिशात नसेल तर बंगल्याची फरशी निवडणं हा वेडेपणा ठरतो. खिशात असेल तर ती करमणूक. वीस रुपयांत एवढं मिळत असेल तर सौदा वाईट नाही.

अडचण अशी, की प्रत्येक तिकीट माझ्या मामासारखाच माणूस घेत नाही. काही जण करमणूक म्हणून घेतात आणि काही जण योजना म्हणून. मुलीचं लग्न, सावकाराचं देणं, गहाण पडलेलं शेत यांवरचा उपाय म्हणून. करमणुकीवर खर्च करणारा माणूस पैसे संपले की थांबतो. उपाय म्हणून खर्च करणारा पैसे संपत आले की जास्त घेतो, कारण गरज वाढलेली असते. जगभरात जिथे जिथे याचा अभ्यास झाला, तिथे साधारण हेच दिसलं, की उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिलं तर लॉटरीवरचा सर्वात मोठा खर्च गरीब घरांचा असतो. श्रीमंताला लॉटरीची गरज नसते, त्याच्याकडे म्युच्युअल फंड असतात.

हा वाद काही आजचा नाही. मनुस्मृती राजाला सांगते की जुगार राज्यातून हद्दपार कर. याज्ञवल्क्यस्मृती म्हणते की देखरेखीखाली चालू दे आणि राजानं आपला वाटा घ्यावा. कौटिल्य तर द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारीच नेमतो, ठरलेल्या जागीच खेळायला लावतो आणि जिंकणाऱ्याकडून ५ टक्के वसूल करतो. निपाणी मनूकडे आणि कोल्हापूर याज्ञवल्क्याकडे, असं गमतीनं म्हणता येईल. पण एक गोष्ट लक्षात घ्या. कौटिल्याचं राज्य जुगाऱ्यांवर नजर ठेवतं आणि वाटा घेतं. ते स्वतः फासे टाकायला बसत नाही. आजचं राज्य सरकार तिकीट छापतं, सोडत काढतं, बंपर जाहीर करतं. ते जुगाराचं पंच आहे आणि तेच जुगाराचा मालकही.

आपल्या न्यायालयांनी यावर फार स्पष्ट बोलून ठेवलंय. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला असा खटला आला. बेंगलोरहून चालणाऱ्या बक्षिसांच्या शब्दकोड्यावर मुंबई राज्याला कर आणि नियंत्रण हवं होतं. न्यायालयानं सांगितलं की जुगार हा व्यापारच नव्हे, त्यामुळे व्यवसायस्वातंत्र्याचं संरक्षण त्याला मिळत नाही. पुढे १९९९ मध्ये बी. आर. एंटरप्रायझेसच्या खटल्यात प्रश्न आला की लॉटरी सरकारनं चालवली तर? उत्तर होतं, तरीही तो जुगारच. सरकारी शिक्क्यामुळे तिचा स्वभाव बदलत नाही. म्हणजे कायद्याच्या भाषेत आपलं सरकार गेली पन्नासहून जास्त वर्षं जुगार चालवतंय.

ते का चालवतंय, याचं अधिकृत उत्तर मात्र ऐकण्यासारखं आहे. १२ एप्रिल १९६९ ला महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली तेव्हा तिची दोन उद्दिष्टं होती. लोकांना मटक्यापासून वाचवायचं आणि लोककल्याणासाठी पैसा उभा करायचा.

पहिलं उद्दिष्ट त्या काळात खरंच निकडीचं होतं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या-बंद होत्या भावांवर मुंबईत आकडे लावायचे. ते भाव यायचे बंद झाल्यावर १९६२ पासून कल्याणजी भगत आणि पुढे रतन खत्री यांनी स्वतःच आकडे काढायला सुरुवात केली. गिरणगावातून तो आकडा राज्यभर पसरला. कोल्हापूर त्याला अपवाद नव्हतं. ओपन, क्लोज, जोडी हे शब्द इथल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर समजावून सांगावे लागत नाहीत.

पण मटक्याचा हिशेब मांडून बघा. एका आकड्याला साधारण नऊ पट देतात, जोडीला नव्वद पट. आकडे दहा, म्हणजे १०० रुपयांतले सरासरी ९० लावणाऱ्यांकडे परत येतात. बुकी दहा ठेवतो. सरकारी लॉटरीत जीएसटीचेच साडेअठ्ठावीस जातात, बाकीचं अजून पुढेच आहे. ज्याच्यापासून जनतेला वाचवायचं, तो बेकायदा धंदा १०० रुपयांतले दहा कापतो आणि वाचवणारा त्याहून कितीतरी जास्त.

मी मटक्याची वकिली करत नाही. मटका दिवसातून दोनदा फुटतो, उधारीवर चालतो, वसुली माणसं पाठवून होते आणि हप्त्यांची साखळी वरपर्यंत जाते. हप्त्यांची ही किंमत नऊ पट भावात दिसत नाही. १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्यानं एका आकड्यावरची लॉटरी बंद केली ती मटक्याचा हाच वेग ओळखून. लॉटरी संथ आहे आणि संथपणा हाच तिचा खरा सद्गुण. पण ‘आम्ही मटक्यापासून वाचवतो’ हे कारण खरं मानायचं, तर लॉटरीतून नफा काढायचं कारण उरत नाही. खर्च भागवून बाकीची सगळी रक्कम बक्षिसांना दिली असती, तर सरकारनं मटक्याला त्याच्याच मैदानात हरवलं असतं. ते झालं नाही. मटका मंदावला तो गिरण्या बंद पडल्यावर आणि पोलिसांच्या कारवायांनंतर.

तेव्हा खरं उद्दिष्ट दुसरं, पैसा. त्यात लपवण्यासारखं काही नाही. सरकारला पैसा लागतोच. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ज्या पायऱ्यांवर आपण फोटो काढतो, ती टाउन हॉलची इमारत १८३३ मध्ये पुरी झाली आणि तिच्यासाठी काही पैसा लॉटरीतूनच उभा केला होता. केरळात कारुण्य नावाच्या लॉटरीतून गरिबांच्या मोठ्या आजारांवरच्या उपचारांना मदत झाली. तिथे हजारो विक्रेत्यांचं पोट तिकिटांवर आहे, त्यात दिव्यांग आणि म्हातारी माणसं आहेत. शिवाय कुणाच्या डोक्याला पिस्तूल लावून तिकीट विकलं जात नाही. लॉटरी म्हणजे स्वेच्छेनं भरलेला कर. मग तक्रार कसली?

याचं उत्तर मला माझ्या पगाराच्या स्लिपवर सापडलं. त्यात दर महिन्याला २०० रुपयांची एक कपात असते आणि फेब्रुवारीत ३०० ची. वर्षाचे २,५०० रुपये. व्यवसाय कर. ऑफिसातल्या निम्म्या लोकांना हा कर कशाचा हे माहीत नसतं. महाराष्ट्रानं तो १९७५ मध्ये रोजगार हमी योजनेसाठी लावला. तासगाव तालुक्यात आधी प्रयोग करून पाहिलेली वि. स. पागे यांची ती योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेली आणि तिचाच पुढे देशभर कायदा झाला. कल्पना साधी होती. शहरात ज्याला पक्का पगार आहे त्यानं थोडे पैसे द्यायचे आणि गावात ज्याच्या हाताला काम नाही त्याला काम मिळायचं.

सहा-सात वर्षांच्या अंतरानं एकाच राज्यानं लोककल्याणासाठी पैसा उभा करायच्या या दोन वाटा काढल्या. एकीत पगारदाराच्या खिशातून पैसा मजुराकडे जातो. दुसरीत तो बहुतेक वेळा मजुराच्याच खिशातून निघतो, वाटेत कमिशन आणि कर कापले जातात आणि उरलेला पुन्हा त्याच्याच कल्याणाला लागतो, असं सांगितलं जातं. पहिल्या करावर राज्यघटनेनं मर्यादा घातली आहे. वर्षाला २,५०० रुपयांच्या वर एक पैसा घेता येत नाही, मग तुमचा पगार महिन्याला वीस हजार असो की वीस लाख. ही मर्यादा १९८८ पासून तशीच आहे. दुसरीला मर्यादाच नाही. रोज वीस रुपयांचं तिकीट घेणारा हमाल वर्षाला ७,३०० रुपये घालतो. त्यातले काही बक्षिसातून परत येतील, बाकीचे येणार नाहीत. त्याला कुणी सांगत नाही की बाबा, या वर्षीचा तुझा वाटा देऊन झाला, आता थांब.

‘स्वेच्छेनं भरलेला कर’ हा शब्दप्रयोग इथे मला टोचतो. कर स्वेच्छेचा नसतो म्हणूनच त्यावर विधानसभेत भांडण होतं, दर ठरतात, सवलती मागता येतात, निवडणुकीत जाब विचारता येतो. लॉटरीचे पैसे देणाऱ्याला आपण कर देतोय हेच माहीत नसतं, त्यामुळे तो जाबही विचारत नाही. सरकारला हा पैसा सोपा वाटतो तो यामुळेच. आणि स्वेच्छा म्हणायची तर माहितीही हवी. औषधाच्या पाकिटावर घटक छापणं सक्तीचं आहे. सिगारेटच्या पाकिटावर सडलेल्या तोंडाचा फोटो असतो. लॉटरीच्या तिकिटावर बक्षिसाची रक्कम ठळक असते. तुमच्या १०० रुपयांतले किती बक्षिसांना जातात, हे मात्र तिकीट घेणाऱ्याला सांगायची कुणाला गरज वाटत नाही.

सगळ्यात मोठा धोका त्यापुढचा आहे. ज्या गोष्टीतून उत्पन्न येतं ती कमी व्हावी असं कुणाला वाटेल? कायदा म्हणतो, एका लॉटरीची सोडत आठवड्यातून एकदाच. मग केरळात सात वारांना सात नावांच्या लॉटऱ्या निघाल्या. कायदा मोडला नाही आणि आठवड्यात एकही दिवस रिकामा राहिला नाही. इथे कुणी दुष्ट नाही. अर्थसंकल्पात एक रक्कम लिहिलेली असते आणि ती गाठायची असते, एवढंच. आपल्याकडे तर लॉटरी ज्यांच्या अखत्यारीत येते त्या पदाचं नावच बघा: आयुक्त, अल्पबचत व राज्य लॉटरी. एकाच खुर्चीवर बसून लोकांना सांगायचं की थोडं थोडं साठवा आणि हेही सांगायचं की नशीब आजमावा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे असोत की नशिबाचे, आणि कारण दिलं ते घरं उद्ध्वस्त होतात हे. कारण खरं आहे. पण ते सांगणाऱ्यांच्याच राज्यांत कागदी तिकिटं विकली जातात, तेव्हा फोनवर रमी खेळून हरलेल्या पोरानं काय समजायचं? जुगार वाईट असतो हे, की दुसऱ्यानं चालवलेला जुगार वाईट असतो हे?

मला नशिबाचं वावडं नाही. उलट सरकार नशिबाचा फार सुंदर उपयोग करतं आणि त्यालाही आपण ‘लॉटरी’च म्हणतो. म्हाडाच्या घरांची सोडत. शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळांतल्या २५ टक्के जागांची सोडत. प्रभागांच्या आरक्षणाच्या चिठ्ठ्या, ज्या शाळकरी मुलांच्या हातून काढल्या जातात. तिथे सगळ्यांचा हक्क सारखा असतो आणि वस्तू कमी असते. म्हणून निवड वशिल्याच्या हातातून काढून चिठ्ठीकडे देतात. हरणाऱ्याला वाईट वाटतं, पण कुणी फसवलं असं वाटत नाही. त्याच्या हरण्यावर कुणाची कमाई नसते. चिठ्ठी तीच, भांडं तेच. फरक पडतो तो भांडं धरणाऱ्याला तुमच्या हरण्यातून काय मिळतं यामुळे.

तर निपाणी की कोल्हापूर? मला संपूर्ण बंदी पटत नाही. माझ्या मामाचा वीस रुपयांचा बंगला पाडायचा अधिकार सरकारला आहे असं मला वाटत नाही, आणि बंदी आली की खेळ गल्लीच्या आत सरकतो हे मटक्यानं दाखवलंच आहे. पण लॉटरी चालू देणं वेगळं आणि तिच्यावर राज्य चालवणं वेगळं. माझं म्हणणं एवढंच आहे की सरकारनं ती जरूर चालवावी, पण तिच्यातून कमावू नये. छपाई, सोडत आणि विक्रेत्याचं कमिशन भागलं की उरलेला रुपयान् रुपया बक्षिसांना जावा, तोही एकाच डोंगराएवढ्या बक्षिसाऐवजी छोट्या छोट्या बक्षिसांत. यासाठी जीएसटी परिषदेलाही आपला हात मागे घ्यावा लागेल. जाहिरात नको. आठवड्यातले काही दिवस रिकामे राहू देत. दवाखान्यांना आणि शाळांना पैसा हवा, तर तो माझ्यासारख्यांच्या पगाराच्या स्लिपवर लिहून, दर सांगून, उघडपणे घ्यावा. २,५०० ची ती मर्यादा १९८८ ची आहे. ती वाढली तर आम्ही कुरकुर करू, पण कशासाठी पैसे गेले हे विचारूही.

यानं तिजोरीचं नुकसान होईल, हे मला मान्य आहे. ते नुकसान म्हणजे आजवर कुणाकडून किती घेतलं याची पहिली खरी पावती असेल. ती पावती फाडायची सरकारची तयारी नसेल, तर निदान तिकिटाच्या मागे, त्या बारीक अक्षरांतल्या नियमांच्या वर, दोन ओळींची जागा करावी. एका ओळीत किती तिकिटांत एक पहिलं बक्षीस आहे ते. दुसऱ्या ओळीत तुमच्या १०० रुपयांतले किती परत वाटले जाणार ते. मराठीत, मोठ्या टायपात. वाचूनही ज्याला तिकीट घ्यायचंय, त्यानं खुशाल घ्यावं.